बावीसशे रिंगिट

एका माशाचे बावीसशे?
विचारलंत, बरं केलंत, ओंगसाहेब.
क्लांगहून इतक्या लांब आलात, बसा त्या स्टुलावर.
डावा पाय हलतो त्याचा, जपून.

हे तळं आधी तळं नव्हतं.
माझा बाप इथे कथील धुवायचा,
कंबरभर चिखलात, चाळणी फिरवत.
कथलाचा भाव पडला, खड्डे उरले,
खड्ड्यांत पाणी साचलं
आणि पाण्यात आम्ही.
इपोहच्या या डोंगरांखाली अर्ध्या गावाचं असंच झालं.

आता हिशेब.
आई एका जातीची, बाप दुसऱ्या.
दोघं लांबच्या नद्यांतले. मी त्या नद्या पाहिल्या नाहीत,
त्या नद्यांनीही एकमेकींना पाहिलं नसेल.
मासे मात्र एकमेकांना पाण्यात पाहतात,
अक्षरशः.
मध्ये भोकांची काच, महिनाभर नुसती ओळख.
मग एक दिवस काच काढायची
आणि जाळी घेऊन उभं राहायचं.
छिंगमिंगच्या आठवड्यात मी फोन घ्यायला आत गेले,
परत आले तर मादीला एकच डोळा.

जमलंच, तर अंडी.
हजारभर, पाटीच्या तुकड्याला चिकटलेली.
सकाळी पांढरी पडली की समजायचं, बापात काही नाही.
संकराचे नर बहुतेक असेच:
अंगावर सगळा थाट, आत रिकामा डबा.
पुन्हा तीच काच, तीच जाळी.

फुटली, तर निवड.
कण्याला बाक आलेली, तोंड न मिटणारी,
एका बाजूचा कल्ला उघडाच राहिलेली,
ती कुठे जातात ते विचारू नका.
शेजारी आरोवानावाला आहे, त्याची बादली रिकामी असते.
विचारलं नाहीत, तरी सांगितलं.

पाचव्या महिन्यापर्यंत सगळे करडे.
कपाळावर टेंगूळ येईल की नाही, देवाला ठाऊक,
आणि देव वीजबिल भरत नाही.
भांडकुदळ जात, प्रत्येकाला वेगळी टाकी.
साठ टाक्या, साठ पंप, दिवसाआड अर्धं पाणी.
वीज गेली की मुनियांडी रात्री दोनला मोटरसायकलवर येतो
जनरेटरची दोरी ओढायला.
त्याच्या खांद्याचंही काही धरा.

साठांतून चार. चारांतून हा.
कुशीवरची काळी नक्षी मघापासून
मान वाकडी करून वाचताय, कळतं मला.
आठ-शून्य-तीन? की तीन-शून्य-आठ?
तिकीट लागलं तर मला कळवू नका,
नाही लागलं तर मासा परत आणू नका.

एके काळी पाचपट भाव होता.
माझ्या चुलतभावाने व्हॅन विकून जोडी घेतली.
मग वर्षभरात लोकांची हौस फिटली
आणि अंधारात टबच्या टब या तळ्यांत रिकामे झाले.
अजून एखादा गळाला लागतो,
रंग उडालेला, कपाळ सपाट.

नाव?
नावं तुम्ही ठेवा हवी तेवढी,
रंग फिका, शेपटीला चीर.
मी नाव ठेवलेलं नाही.
नाव ठेवलं की तोंडातून भाव निघत नाही.

हो, बोटामागे येतो.
सगळ्यांच्याच येतो म्हणा. करून पाहा.
...
येईल.
आठ दिवस खाणार नाही, काचेला धडका देईल,
कपाळ थोडं उतरेल. घाबरू नका.
याला पिल्लं होणार नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षी
असाच दुसरा मागायला आलात तर
माझ्याकडे नाही, याच्याकडेही नाही.

बरं, एकवीसशे द्या.
वरचे शंभर या बोटाचे होते,
राहू देत.

पिशवी धरा. दोन्ही हातांनी.
खालून.